वस्त्रगाळ राख

आमच्या घरमालकांना कोणाच्याही घरी गेल्यावर आधी चूल पाहायची सवय होती. माणसं मागाहून. बारसं असो, आजाऱ्याची विचारपूस असो, ते ओसरीवर जोडे काढत आणि सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उकिडवे बसत. घरची बाई पदर सावरून बाजूला होई. मग ते चुलीच्या तोंडाशी हात घालून चिमूटभर राख काढत, बोटांत चोळत, आणि शेवटी जिभेवर ठेवत.

"पऱ्हाटी," ते डोळे मिटून म्हणत. "पण काल मधात बाभूळ घातली होती कोणं तरी."

काल पाहुणे आले होते आणि कपाशीची वाळली काडी, म्हणजे पऱ्हाटी, पुरली नाही, असं त्या घरची बाई कबूल करून टाकी. चोरी पकडली गेल्यासारखा तिचा चेहरा होई. आजारी माणूस आतल्या खोलीत कण्हत राही, त्याच्याकडे जायची आठवण मालकांना मग होई.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. त्यांचे नातेवाईक अजून नागपुरात जुन्या शुक्रवारीतल्या त्याच गल्लीत राहतात, आणि कोणाचं मन दुखवल्याची रुखरुख मला फार दिवस पुरते. आताही त्यांच्याबद्दल लिहायला बसलो तर हसू येतं, आणि हसू आलं की लाज वाटते. दोन्ही एकदम वाटतं, त्याला माझा इलाज नाही. आम्ही त्यांना काका म्हणत असू. गल्लीतले लोक पाठीमागे राखवाले म्हणत, आणि समोरही म्हणत, कारण त्यांना ते आवडायचं.

मी तेव्हा कचेरीत नवा लागलेला कारकून होतो आणि लग्नही नवंच होतं. खोली पाहायला गेलो तेव्हा काकांनी ना गाव विचारलं, ना नोकरी. "स्वयंपाक कशावर करता?" एवढंच विचारलं.

"शेगडी आहे," मी अभिमानानं सांगितलं. "दगडी कोळशाची."

ते बसल्या जागेवरून असे उठले की मला वाटलं त्यांना मुंगळा चावला. माझ्या बायकोनं मला मागून चिमटा काढला आणि म्हणाली, "चुलीवर करीन जी मी. पऱ्हाटी तुम्ही द्याल ना?"

"पऱ्हाटी मी देतो, राख तुम्ही मले द्यायची," काका म्हणाले आणि परत बसले. तोच आमचा करार. शेगडी आम्ही उरल्या कोळशासकट पलंगाखाली गोणपाटात गुंडाळून ठेवली. ती तिथं आहे हे मी त्यांना सांगितलं नाही, आणि पलंगावर झोपताना मला ती पाठीला टोचल्यासारखी वाटायची.

काकांचं वावर हुडकेश्वरला होतं. तूर, वाल, थोडा चणा, थोडी लाखोरी. कापूस त्यांनी कधी लावला नाही, पण कापूस वेचून झाला की दुसऱ्यांच्या शेतातल्या पऱ्हाट्या उपटून गाडीत भरून आणत. घरच्या तुरीची काडी, तुराटी, वेगळी. ही सगळी काडी गल्लीतल्या चुलींना वाटायची आणि तिची राख रॉकेलच्या रिकाम्या पिप्यांत गोळा करून, तोंडाला फडकं बांधून, माळ्यावर कोरडी ठेवायची. राखेला पाणी लागलं तर तिचा जीव जातो असं ते सांगत. पेरणीच्या वेळी ती राख सरीत जाई, आणि वाल फुलोऱ्यावर आला की सकाळी दवात वेलांवर धुरळली जाई, म्हणजे माव्याची कीड बसत नाही.

"शेंगवाल्या झाडाले जेवण वाढा लागत नाही गा," ते मला समजावून सांगत. मी कचेरीत जायच्या घाईत असे आणि त्यांनी माझ्या सदऱ्याचं बटण धरलेलं असे. "जवारीले शेण पाहिजे, गव्हाले शेण पाहिजे. ते भुकेले आहेत. तूर, वाल, हे घरून जेवून निघालेले पाहुणे. आपलं आपण रांधून खातेत. त्याईले फक्त वरून मीठ पाहिजे. राख म्हणजे वालाचं मीठ."

"हो काका."

"अन् धानाच्या कोंड्याची राख म्हणजे?"

"रेती, काका."

"अन् दगडी कोळशाची?"

इथं माझी मान खाली जाई. "सुतक, काका."

"जा आता कचेरीत."

मी जाई. सदऱ्यावर बटणाभोवती राखाडी बोटं उमटलेली असत. माझे साहेब ती बोटं पाहत पण विचारत नसत. त्यांना वाटे माझ्या घरी काही कठीण चाललं आहे.

त्यांच्या भुवया, त्यांचं धोतर, त्यांच्या कानांतले केस, सगळं एकाच रंगाचं होतं. एकदा गल्लीत नवं आलेलं कुत्रं त्यांच्यावर न भुंकता नुसतं शिंकलं. काकूंनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "त्यालेही समजलं, कोण आलं तर."

राखेनं किती फरक पडत होता, हे मला खरंच सांगता येत नाही. त्यांच्या वावराला लागून ज्याचं वावर होतं तो चिमूटभर राख घालत नसे, आणि त्याचा वाल तितकाच लदबदलेला असे. मी एकदा भीत भीत ते बोललो. काका क्षणभरही अडले नाहीत.

"माही राख उडून त्याच्याकडे जाते," ते म्हणाले. "वारा कोणाच्या बापाचा आहे?"

या सगळ्यात एक माणूस होतं ज्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. त्यांची लेक, यमू. काका उठायच्या आत ती घरची चूल झाडी, राखेतले कोळसे वेचून टाकी आणि जुन्या धोतराच्या फडक्यातून राख गाळून घेई. वैद्य चूर्ण गाळतात तशी, वस्त्रगाळ. त्या पिप्यातली राख हातावर घेतली तर आहे की नाही कळत नसे. काका सगळ्यांना ती दाखवत आणि म्हणत, "पाहा तुराटी. पाहा तिची जात." तुराटीची जात इतकी बारीक नसते हे काकूंना माहीत होतं, यमूला माहीत होतं, माझ्या बायकोलाही माहीत होतं. काकांना माहीत नव्हतं.

मार्गशीर्षात पारशिवनीहून यमूला पाहायला लोक आले. चांगलं शेतीवाडीचं घर. मुलगा, त्याचे वडील आणि एक मामा. पोहे झाले, चहा झाला, यमू येऊन बसली आणि उठून गेली. तोवर काका शहाण्यासारखे वागले. मुलगा हात धुवायला परसात गेला आणि तिथल्या वालाच्या मांडवाखाली जरा थांबला. पान उलटून पाहिलं आणि म्हणाला, "मावा नाही एकही." एवढंच. यमू विहिरीपाशी होती. संध्याकाळी ती माझ्या बायकोला म्हणाली, "वहिनी, त्याले मावा समजते." माझी बायको सांगते, की यापेक्षा जास्त प्रेमाचं वाक्य तिनं त्यानंतर कोणाच्या तोंडून ऐकलं नाही. हे ती माझ्यासमोर सांगते.

पण त्याआधीच घात झाला होता. पाहुणे निघताना मुलाच्या वडिलांनी, त्यांना आम्ही पाटीलच म्हणत असू, पत्रिकेचा विषय काढला.

"पत्रिका राहू द्या जी," काका म्हणाले. "पत्रिका काय, भट म्हणंन तशी जुळते. तुम्ही असं करा, मले तुमच्या चुलीतली राख पाठवा मूठभर."

पाटील पायात जोडा घालत होते. एक पाय जोड्यात आणि एक जमिनीवर, असे ते थांबले.

"आमच्या घरी कोणी मेलं नाही," ते म्हणाले.

"तसं नाही जी. राखेवरून घर समजते."

"राख मागतेत काय कोणी सोयरिकीत?" मामा म्हणाला. "चल गा, बैल जुंप."

गाडी गेली. काका तिच्यामागे गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. राख ओली करू नका, कोरड्या फडक्यात बांधा, असं ते ओरडून सांगत होते.

काकूंनी त्या रात्री काकांचं ताट ओसरीवर नेऊन आपटलं. यमू रडली नाही. दुसऱ्या सकाळी ती आमच्या खोलीत आली, पलंगाखाली वाकली आणि म्हणाली, "दादा, ही शेगडी नेऊन राहिली मी."

शेगडी तिथं आहे हे तिला कसं कळलं, देव जाणे. मी नको म्हणायला तोंड उघडलं, पण बायकोनं गोणपाट सोडायला घेतलंसुद्धा होतं.

काका पूजा आटोपून बाहेर आले तेव्हा घरात दगडी कोळशाचा पिवळा धूर कोंदला होता. चूल थंड. तिच्यापुढं शेगडी, शेगडीवर वरण, आणि त्यापुढं यमू पाटावर पाठ ताठ करून बसलेली. रोजच्या पिप्यात शेगडीखाली झडलेल्या कोळशाचा खडबडीत काळा-तांबडा चुरा. काकांनी सवयीनं चिमूट उचलली आणि जिभेवर ठेवली.

त्यांना मी इतका वेळ थुंकताना कधी पाहिलं नव्हतं.

"यमे, हे काय करून राहिली?"

"स्वयंपाक."

"अवं, पण वाल?"

"वालाचं तुम्ही पाहा बाबा. मायं कोण पाहून राहिलं?"

काका ओसरीवर येऊन बसले. वालाला फुलोरा होता, दवाचे दिवस होते, आणि घरात एक चमचा राख तयार होत नव्हती. गल्लीतल्या चुलींची राख जाडी, फुलांवर धुरळायला त्यांना घरचीच बारीक लागे. माळ्यावरचा साठा पेरणीचा. त्याला हात लावला असता तर काका स्वतःवर रागावले असते. शेगडी कोणाची, हे त्यांनी विचारलं नाही. पण त्यांची नजर माझ्या दारावरून फिरली, आणि मी आपण होऊन बाहेर आलो.

"मी जातो पारशिवनीला," मी म्हणालो. "मी माफी मागतो."

माफी मागणं मला चांगलं जमतं. कचेरीत माझ्याइतकी सफाईनं माफी मागणारा माणूस नव्हता. लोक स्वतःच्या चुकांसाठीही मला पुढं करत. काका उठून आत गेले आणि परत आले तेव्हा त्यांच्या हातात झाकणाचा डबा होता.

"आपण त्याईची राख मागितली," ते म्हणाले. "पण आपली दाखवली नाही. ते चुकलं माहं. हे घेऊन जाय. यमीच्या हातची आहे, शेगडीच्या आधीची."

त्यांना वाटलेली चूक एवढीच होती. मी डबा घेतला.

काही वाट रेल्वेनं होती. गाडीत गर्दी होती आणि मी डबा छातीशी धरून उभा होतो. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "काय आहे गा त्यात?"

"राख," मी म्हणालो. मला पटकन खोटं सुचत नाही.

म्हातारा उठून उभा राहिला. त्यानं मला आपली जागा दिली. समोरच्या बाईनं लेकराला मांडीवर ओढून घेतलं आणि डब्याला हात जोडले. "कोण गेलं?" म्हाताऱ्यानं हळू आवाजात विचारलं.

फुकट मिळालेली जागा मला जाळू लागली. "कोणी गेलं नाही," मी म्हणालो. "लग्नाचं आहे."

त्यानंतर त्या बाकावर मी एकटाच बसलो होतो. बाकी सगळे पलीकडच्या टोकाला दाटीवाटीनं उभे होते आणि माझ्याकडे पाहत होते.

पारशिवनीला पाटील ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, आणि अडकित्ता खाली ठेवला.

"आता डबाभर आणली काय?"

मी माफी मागायला सुरुवात केली. काकांच्या वतीनं मागितली, काकूंच्या वतीनं मागितली, शेगडीबद्दल मागितली, जिचा त्यांना काही पत्ता नव्हता. मी बोलतच होतो, तेवढ्यात आतून मुलाची आई आली. धिप्पाड बाई, हातात फुंकणी. तिनं काही न विचारता डब्याचं झाकण काढलं, चिमूट घेतली, बोटांत चोळली, आणि जिभेवर ठेवली.

तिनं हातात दिलेलं झाकण मी छातीशी धरलं.

"तुराटी हाय," ती म्हणाली. "पण एवढी बारीक? कोण चाळते?"

"त्यांची मुलगी," मी म्हणालो. "यमू. रोज गाळते, धोतराच्या फडक्यातून."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "अन् हे पोरगी तुम्ही सोडून आले?"

"अवं, त्यानं राख मागितली आपल्या घरची."

"तुम्हाले काहून मागितली पण? तुम्हाले त चूल कोणत्या कोन्यात हाय थे माहीत नाही." ती माझ्याकडे वळली. "तुमच्या मालकाले सांगा, चूल माही हाय, राखही माही हाय. पाहिजे असंन त चुलीपाशी येऊन मले मागा म्हणा. ओसरीवर बसल्या माणसाले राख मागतेत का कोणी?"

पाटलांनी सुपारी तोंडात टाकली. मुलगा दाराआड उभा होता. तो तिथं आहे हे मला त्याच्या हसण्यावरून कळलं.

मी घरी येऊन सगळं सांगितलं, यमूच्या फडक्याचंही, आणि चार दिवसांत आम्ही तिघं पुन्हा पारशिवनीला गेलो. काका, काकू आणि मी. मला नेण्याचं कारण नव्हतं, पण काही चुकलं तर माफीला माणूस असावा, असं काकूंचं म्हणणं पडलं. काका नवं धोतर नेसले होते. पोचल्याबरोबर ओसरीवरच्या पाटलांना रामराम घालून ते तसेच आत गेले आणि चुलीपुढं उकिडवे बसले.

"बाई, चिमूटभर राख द्या," ते म्हणाले. इतक्या नम्रतेनं त्यांनी देवाकडेही काही मागितलं नसेल.

बाईनं दिली. त्यांनी डोळे मिटले. त्यांनी डोळे उघडले, परत मिटले. कपाळावर आठी चढली.

"पऱ्हाटी," ते म्हणाले. "अन् सोबत... हे काय आहे?"

"गोवरी."

"गोवरी?" काका मागे टेकले. "अन् हे तुम्ही वालाले घालता?"

"वालालेच घालते."

"बाई, गोवरी म्हणजे शेण. राख पिकाची पाहिजे."

"अन् बैल काय खाते?" बाईनं विचारलं. "कडबा खाते, का जिलेबी खाते? कडबा पिकाचाच हाय ना? मंग गोवरी कोणाची झाली?"

काकांनी आणखी एक चिमूट जिभेवर ठेवली आणि ते उठले. "दाखवा वाल," ते म्हणाले.

सगळे मागच्या वाडीत. वेल कुंपणावरून वाकून पलीकडे पडले होते, शेंगा हाताहाताएवढ्या. काका पानं उलटत, शेंगा दाबत, वाकून आळ्यातली माती हुंगत फिरले.

"इकडची हवा चांगली आहे," ते शेवटी म्हणाले.

"हवा त साऱ्या गावाले हाय."

"राख सरीत घालता, का वरून?"

"सरीत काहून? फूल आल्यावर. आधी घालून पोट्ट्याले पाळण्यातच जोडे घालता का?"

"पण बी उगवताना त्याले मीठ..."

"उगवताना त्याले दूध पाहिजे."

असं किती वेळ चाललं. दोघांचे आवाज चढले, दोघांच्या हातांवर माती, दोघं एकाच वेलाची दोन टोकं धरून उभे. मी दोन वेळा माफी मागितली, कोणी ऐकली नाही. यमू जुन्या शुक्रवारीत शेगडीपुढं बसली असेल आणि तिचं सगळं आयुष्य इथं एका शेंगेला लोंबकळत आहे, या विचारानं मी तिसऱ्यांदा माफी मागितली. शेवटी कुंपणाला टेकून उभे असलेले पाटील खाकरले.

"राखेचं झालं असंन," ते म्हणाले, "त पोरीचं बोला."

"कोणत्या पोरीचं?" काका म्हणाले.

काकूंनी कपाळाला हात लावला.

"तुमच्या," त्या म्हणाल्या. "एकच हाय. आठवते का पाहा."

आधी मुलाची आई हसली. मग पाटील. मग काका स्वतः, आणि ते इतके हसले की त्यांना वेलाचा आधार घ्यावा लागला आणि मांडवाचा एक बांबू खाली आला. "दिली," ते हसता हसता म्हणत होते. "पोरगी दिली. पण गोवरीचं मले पटलं नाही, हे सांगून ठेवतो."

"याईले पाणी द्या कोणी," काकू म्हणाल्या. "तेवढा वेळ तरी तोंड बंद राहीन."

परतीच्या गाडीत काका बराच वेळ गात होते. ते गातात हे मला माहीत नव्हतं आणि न कळतं तर बरं झालं असतं. कामठीच्या अलीकडे ते एकदम थांबले.

"ऐकलं का?" ते काकूंना म्हणाले. "यमी गेल्यावर राख कोण चाळंन?"

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. "ते तुराटीची जात आहे ना," त्या म्हणाल्या. "आपलीआपण बारीक होईन."

काका नागपूर येईस्तोवर नव्या धोतरावरची वाडीतली माती नखानं खरवडत बसले.

घरी आलो तेव्हा शेगडी आमच्या पलंगाखाली परत गुंडाळून ठेवलेली होती आणि चूल पेटलेली होती. कोणी निरोप पाठवला नव्हता. बाप स्वतः चुलीपाशी राख मागायला गेला, एवढं यमूला पुरलं असावं.

लग्न वैशाखात झालं. रुखवतात लाडू-करंज्यांच्या मधोमध राखेचं पिपं ठेवलं होतं, कुंकवाची बोटं लावून. भटजी हटून बसले, की हे अशुभ आहे. मुलाच्या आईनं पिपं उचलून कमरेवर घेतलं आणि त्यांना विचारलं, "तुमच्या घरी भांडे कशानं घासतेत महाराज?" पाठवणीच्या वेळी काका कुठं सापडेनात. शेवटी मांडवामागं सापडले. पंगतीच्या भल्यामोठ्या चुलींपुढं उकिडवे बसले होते आणि निखारे विझायची वाट पाहत होते.

त्या पावसाळ्यात घरच्या राखेत कोळशाचे खडे येऊ लागले. काकू म्हणत, माझ्या हातानं अशीच होते. काका ते खडे एकेक वेचत बसत. माझी बायको आमची राख गाळून देऊ लागली, तर त्यांनी चव घेतली, तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि "चांगली आहे पोरी" म्हणाले. दुसऱ्या कोणाला ते कधी नुसतं चांगली म्हणत नसत, आणखी दहा गोष्टी सांगत. त्यावरून आम्हाला काय ते कळलं.

दिवाळीला यमू आली. अंगावर नवं लुगडं, तोंडावर सासरचं तेज, आणि हातात झाकणाचा डबा. तोच, जो मी छातीशी धरून नेला होता. काका ओसरीवर होते. तिनं पाया पडून डबा पुढं ठेवला. त्यांनी झाकण काढलं, चिमूट घेतली, आणि डोळे मिटले.

"गोवरी," ते म्हणाले.

"हो बाबा. त्याईच्याकडे तेच असते."

"पण चाळली तू."

"हो."

"मंग चांगली आहे," ते म्हणाले, आणि थांबले. मग पुन्हा म्हणाले, "नाही, लयच चांगली आहे. पऱ्हाटी जास्त पडली जराशी. सासूले सांग, पऱ्हाटी कमी कर म्हणा. अन् झाकणावर फडकं बांधून आणायचं होतं, वरचा थर दमट झाला." दहा गोष्टी झाल्या.

दुसऱ्या सकाळी दव उतरायच्या आत ते परसात गेले. मी विहिरीवर होतो. ज्या राखेला त्यांनी जन्मभर राख मानलं नव्हतं, ती ते मुठीमुठीनं वालाच्या फुलोऱ्यावर धुरळत होते, आमच्याकडे पाठ करून. मध्येच त्यांनी धोतराचा सोगा डोळ्यांना लावला. काकू स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होत्या. आत यमू चूल झाडत होती, तिचा आवाज येत होता.

"डोळ्यात गेली वाटते," काकू म्हणाल्या.

"हो," काका म्हणाले. "बारीक आहे ना."